पाळणाघराचं कलम

मरोळ, ९ जुलै

सुयोग,

तुझ्या मोबाईलवर चार वेळा फोन केला. चारही वेळा हर्षदने उचलला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाला. पोरगा गोड बोलतो, पण त्याला सांगून उपयोग नाही. म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय. उत्तर तू घरी बसून स्वतःच्या हाताने लिही. ऑफिसातून टाईप करून आलेलं मला नको.

आपल्या कंपनीचं पाळणाघर बंद होतंय. परवा मॅनेजरने नोटीस लावली, एक ऑगस्टपासून बंद. विचारायला गेले तर म्हणाला, बाई, कायदा बदललाय. आधी तीसच्या वर बायका कामाला असल्या की पाळणाघर ठेवावंच लागायचं, मग त्या कंपनीच्या असोत की ठेकेदाराच्या. आता म्हणे ठेकेदाराच्या बायका मोजायच्याच नाहीत. गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करायला आमच्याकडे चौसष्ट बायका आहेत. त्यातल्या कंपनीच्या रजिस्टरवर फक्त नऊ, आणि त्यातल्या आठजणींची पोरं कॉलेजात. म्हणजे कागदावर माझ्याकडे एकच मूल उरतं. प्रत्यक्षात एकोणीस आहेत. साठी झाल्यावर मला पण ठेकेदारामार्फतच घेतलंय, त्यामुळे मीसुद्धा मोजण्यात नाही.

तू या खोलीत पाच वर्षं होतास. तुझी आई वत्सला आत पॅकिंगच्या बेल्टवर आणि तू माझ्या पायांवर. निवडणुकीत तू स्टेजवरून हेच सांगितलंस तेव्हा मी खाली खुर्चीत बसून रडले होते. मॅनेजरला मी स्पष्ट सांगितलं, आमचा आमदार याच खोलीत वाढलाय, विधानसभेत हे आलं तेव्हा तो गप्प बसला नसणार. तर तू तेव्हा काय बोललास ते लिहून पाठव. त्याच्यासमोर ठेवते.

जेवण वेळेवर करतोस ना? टीव्हीवर गाल बसलेले दिसतात.

जानकीमावशी

*

अंधेरी, १७ जुलै

जानकीमावशी, नमस्कार करतो.

तुझं अक्षर पाहिलं आणि बरं वाटलं. तुझे फोन हर्षदने मला कळवले नाहीत, त्याला समज दिली आहे.

नोटिशीचं वाचून वाईट वाटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. विधानसभेचं काम कसं चालतं ते बाहेरून कळत नाही. अधिवेशनाच्या शेवटी एका दिवसात दहा-दहा विधेयकं येतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं. अर्धं सभागृह एकदम ओरडतं, आणि मंजूर झालं असं जाहीर होतं. कोण काय म्हणालं त्याची कुठे नोंद राहत नाही. हे विधेयक मार्चमध्ये आलं होतं. त्यात चांगल्या गोष्टीही बऱ्याच होत्या, आणि जिथे मला खटकलं तिथे मी माझं मत योग्य ठिकाणी मांडलं होतं.

मॅनेजरशी मी स्वतः बोलतो. एकोणीस मुलांचा प्रश्न आहे, मार्ग निघेल. तुझ्या गुडघ्यांचं काय? हर्षदबरोबर तेल पाठवतो.

तुझा,
सुयोग

*

मरोळ, २८ जुलै

सुयोग,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या बायकांना पाळणाघरात बोलावलं आणि ते मोठ्याने वाचलं. ‘मी माझं मत योग्य ठिकाणी मांडलं होतं’ हे वाक्य दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मी त्यांना नीट फोड करून सांगितलं की आपला माणूस आत विरोधात बोलला, पण बाकीच्यांनी ओरडून पास करून घेतलं. ‘बरां झालां बाये,’ असं माझ्या तोंडून मालवणीच निघालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवीन पोरींना तू इथला हे ठाऊक नव्हतं. आता सगळ्या विचारतात, तुमचा सुयोग कुठल्या कोपऱ्यात झोपायचा.

तुझा फोन गेलेला दिसतो. मॅनेजरने पंधरा ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली. पण नुसती मुदत नको रे. इथे रश्मी म्हणून कुर्ल्याची मुलगी आहे. नवरा शिवदास विमानतळावर सामान चढवतो, पाळी कधीही लागते. रश्मी चौदा महिन्यांच्या निधीला पोटाशी बांधून सकाळी बसने येते, माझ्याकडे देते आणि बेल्टवर उभी राहते. सासू नाही, आई गावाला. मोठी रुचिरा नऊ वर्षांची, चौथीत आहे, हुशार आहे. रश्मी मला म्हणाली, मावशी, तुम्ही नसलात तर मला एकतर काम सोडावं लागेल नाहीतर रुचिराची शाळा. मी तिला म्हटलं, सुयोग आहे ना.

तू आत जे बोललास त्याची प्रत मिळेल का? रश्मीचा दीर चैतन्य वकिलीचं शिकतोय. तो म्हणतो तसा कागद असेल तर आपल्याला कामगार आयुक्तांकडे जाता येईल.

मावशी

*

अंधेरी, ६ ऑगस्ट

मावशी,

घाईत लिहितोय. हर्षदबरोबर मुलांसाठी वीस दप्तरं आणि खाऊ पाठवला आहे. पंधरा ऑगस्टला आपल्या कार्यालयात झेंडावंदन आहे, त्यानंतर तुझा सत्कार करायचं ठरवलंय. इतकी वर्षं तू शेकडो मुलांना सांभाळलंस, कोणीतरी त्याची दखल घ्यायला हवी. गाडी पाठवतो, तयार राहा.

प्रतीचं बघतो. शोधायला वेळ लागतो.

सुयोग

*

मरोळ, २६ ऑगस्ट

सुयोग,

सत्काराला मी आले नाही, ताप होता असं हर्षदला सांगितलं. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागणार होतं, त्याच्या आदल्या दिवशी हार घालून घ्यायला मन होईना. आणि त्या दप्तरांवर तुझा फोटो छापलाय. दीड-दोन वर्षांच्या पोरांना दप्तरं काय करायची?

सोळा तारखेला पाळणाघर बंद झालं. पाळणे ठेकेदाराची माणसं टेम्पोतून घेऊन गेली. मी घरी आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रश्मीने काम सोडलं नाही, सोडणं परवडणार नव्हतं. रुचिराची शाळा थांबवली आणि निधीला तिच्यावर सोपवलं. एकवीस तारखेला दुपारी पोर निधीसाठी दूध तापवत होती. पातेलं गॅसवरून उतरवताना कललं आणि सगळं दूध तिच्या डाव्या हातावर सांडलं, मनगटापासून कोपरापर्यंत. निधी पलीकडे सतरंजीवर होती, ती वाचली. रुचिराने आधी गॅस बंद केला, मग निधीला उचलून शेजारणीकडे दिलं, आणि मग रडायला लागली, असं ती शेजारीण सांगत होती.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा रश्मी, शिवदास आणि चैतन्य तिच्या कॉटपाशी होते. आपल्या बेल्टवरच्या चार बायका पण आल्या होत्या. हात वाचेल, डाग राहील, असं डॉक्टर म्हणाले. मी रश्मीच्या पाठीवर हात ठेवला तर ती जरा बाजूला सरकली. मला वाटलं दमलीय. मग चैतन्यने त्याच्या बॅगेतून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. ते विधानसभेच्या कार्यवृत्ताचं, म्हणजे तिथे झालेलं सगळं छापतात त्याचं, पान होतं. त्याने मला समजावून सांगितलं की एरवी नावं लिहीत नाहीत हे खरं आहे, पण या विधेयकाला विरोधकांनी मतविभागणी मागितली होती. म्हणजे एकेकाला उभं करून मोजलं आणि दोन्ही बाजूंची नावं छापली. ‘बाजूने’ या शब्दाखाली तुझं नाव आहे. वडिलांच्या नावासकट.

मी चष्मा पुसून परत वाचलं. त्या चार बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोरच मी तुझं पत्र वाचलं होतं.

मी म्हणाले, छापण्यात चूक झाली असेल. चैतन्यने कागद माझ्या हातातून परत घेतला.

छापण्यात चूक झाली आहे का, एवढंच कळव.

मावशी

*

अंधेरी, ३ सप्टेंबर

मावशी,

छापण्यात चूक झालेली नाही.

तुझं पत्र चार-पाच दिवस माझ्या खिशात आहे. तुला फोन करायचा धीर झाला नाही. रुचिराच्या उपचाराचं सगळं मी बघतो, प्लास्टिक सर्जरी लागली तर तीही करू, रश्मीला तसं सांग.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. अकरा विधेयकं होती. मतदारसंघातली मंडळी भेटायला आली होती, मी त्यांच्याबरोबर कँटीनमध्ये होतो. मतदानाची घंटा वाजली की दारं बंद व्हायच्या आत पोचावं लागतं. पळत आलो. शेजारी विद्याधर बसतो, आमच्याच पक्षाचा. त्याला विचारलं काय चाललंय, तर तो म्हणाला, कामगारांचं आहे, किरकोळ दुरुस्ती. पक्षाचा आदेश बाजूने होता. आमची रांग आली, मी उभा राहिलो आणि माझा क्रमांक सांगितला. आत कुठलं कलम आहे ते मी वाचलं नव्हतं. तुझी नोटीस आली तेव्हा मला कळलं.

पहिल्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्यासमोर लहान व्हायची लाज वाटली. आता त्याच्या दुप्पट लाज वाटते आहे.

बायकांना काय सांगायचं ते तू ठरव. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही.

सुयोग

*

मरोळ, ११ सप्टेंबर

सुयोग,

तुझं हे पत्रही मी वाचून दाखवलं. या वेळी कंपनीत नाही, रश्मीच्या घरी. दहा-बारा जणी आल्या होत्या. रुचिरा हाताला बँडेज बांधून कोपऱ्यात बसली होती.

वाचून झाल्यावर मी तुझ्या बाजूने थोडं बोलले. म्हटलं, कामाचा रगाडा असतो, माणूस पळत आला, वाचायला वेळ मिळाला नाही. रश्मी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मावशी, पट्टीवरचा बॅच नंबर न वाचता मी एक पट्टी पुढे ढकलली तर माझा दिवस कापतात. मी दिवसाला सहा हजार पट्ट्या वाचते.”

 याचं उत्तर तुला सुचत असेल तर येऊन दे. उपचाराचं बघतो म्हणालास ते शिवदासला आवडलं नाही. हात म्युनिसिपल हॉस्पिटलात बरा होतोय. त्याचं म्हणणं, त्यांनी आमच्यासमोर यावं आणि काय केलं ते तोंडाने सांगावं, बाकी काही नको.

आणि आता मी तुझं पत्र वाचून दाखवणार नाही. दोनदा तुझ्या वतीने बोलले आणि दोन्ही वेळा तोंडावर पडले. मरोळ नाक्यावर भाजीला जाते तेव्हा आधी बघते, समोर आपल्या बेल्टवरची कोणी आहे का. असली की रस्ता ओलांडते. या वयात मला हे करावं लागतंय.

सध्या माझ्या खोलीत सात मुलं आहेत. निधीला मीच मागून घेतलं, त्यामुळे रुचिरा सोमवारपासून शाळेत जाईल. सातांहून जास्त मावत नाहीत. उरलेली बारा कुठे कुठे आहेत ते मला विचारू नकोस.

जानकी

*

अंधेरी, २२ सप्टेंबर

मावशी,

तू खाली नुसतं ‘जानकी’ लिहिलंस ते मी पाहिलं.

तुझं पत्र मिळाल्यावर दोन दिवसांनी मी आलो होतो. तुला माहीत नाही. पाळी सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटसमोर गाडी उभी केली. बायका बाहेर पडल्या. बऱ्याचजणी धावत बसथांब्याकडे गेल्या. पूर्वी माझी आई सुटल्यावर आधी पाळणाघराच्या दारात यायची आणि मग आम्ही रमतगमत जायचो, त्यामुळे गेटमधून धावत सुटणाऱ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी दाराच्या हँडलवर हात ठेवून बसलो होतो. ड्रायव्हर दादूने दोनदा विचारलं, उतरायचं का साहेब. मग मीच म्हटलं, काच वर घे, चल.

उतरलो नाही त्याचं कारण हे, की जे सांगायला उतरणार होतो तेही पूर्ण खरं नव्हतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की कलम वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी विधेयकाची प्रत हातात आली. रात्री नाही, घाईत नाही, सकाळी नाश्ता करताना वाचली. सातवं कलम पाळणाघराचं होतं. त्याच्या बाजूला मी पेन्सिलने रेघ मारली. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. मला लगेच कळलं की आपली कंपनी यात बसते. तुझी खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. मी आमच्या गटनेत्यांकडे गेलो आणि हे कलम वगळता येईल का विचारलं. ते हसले. म्हणाले, समितीच्या अध्यक्षपदासाठी तुझं नाव पुढे केलंय, एका कलमासाठी कशाला घोळ घालतोस, आणि पाळणाघरं कोण मोजायला येतंय. मी बरं म्हणालो. ‘योग्य ठिकाणी मत मांडलं’ म्हणून तुला लिहिलं ते एवढंच होतं. तीन मिनिटं.

मतदानाच्या दिवशी मी कँटीनमध्ये नव्हतो. जागेवर होतो, पहिल्यापासून. विरोधी बाकावरच्या एक बाई पाळणाघरांवरच बोलल्या. त्यांनी सभागृहाला विचारलं, इथे कोणी आहे का ज्याची आई कारखान्यात कामाला होती? मी समोरचे कागद चाळत राहिलो. माझ्या आईचं विद्याधरला माहीत होतं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. मग मतविभागणी झाली. मी उभा राहिलो आणि क्रमांक सांगितला. माझा आवाज स्पष्ट होता, मोजणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं नाही. मे महिन्यात मला अध्यक्षपद मिळालं. तू पेढे खाल्लेस त्याचे.

न वाचल्याची लाज मी तुला लिहिली, कारण ती सोसण्यासारखी होती.

येत्या रविवारी सकाळी दहाला येतो. हर्षद नाही, फोटोवाला नाही. रश्मीताईंचं घर कुठे ते चैतन्यला फोन करून विचारून घेतो. हे पत्र तू कोणाला वाचून दाखवू नकोस, मीच सांगेन.

सुयोग

*

मरोळ, ५ ऑक्टोबर

सुयोग,

त्या रविवारी तू रश्मीच्या घरी होतास तोवर कोणी फारसं बोललं नाही, म्हणून तू गेल्यावर काय झालं ते कळवते.

तुझं सांगून झालं आणि रुचिराने आणून दिलेलं पाणी तू उभ्यानेच प्यायलास. तू जिना उतरून गेलास. मग भांडण झालं. एकीचं म्हणणं, त्याने राजीनामा द्यावा. दुसरी म्हणाली, निदान आला तरी, बाकीचे कुठे येतात. तिसरी म्हणाली, आला म्हणून काय झालं, पाळणा आला का परत? तिघीही बरोबर होत्या. 

शेवटी रश्मी बोलली. तिचं म्हणणं असं. तुमच्यात बहुतेक कायदे ओरडून पास होतात, नावं लिहीत नाहीत, हे तूच कबूल केलंस. म्हणजे कोण कुठल्या बाजूला ओरडला ते फक्त त्या माणसालाच ठाऊक. तर प्रत्येक अधिवेशन संपलं की एका रविवारी तू तुझ्या ऑफिसात बसायचंस. मंडप नाही, हार नाही. झालेल्या सगळ्या विधेयकांची यादी घेऊन बसायचंस आणि एकेकाचं सांगायचंस, त्यात काय होतं, तू कुठल्या बाजूला होतास आणि वाचलं होतंस की नाही. ती ते वहीत लिहून घेणार. खोटं बोललास तर? असं एकीने विचारलं. रश्मी म्हणाली, एकदा खोटं कसं बोलतात ते आपण पाहिलंय, आता ओळखू येईल.

चैतन्य म्हणतो यात कायदेशीर काही नाही, तू नाही म्हणू शकतोस. पण नाही म्हणू नकोस.

माझ्याविषयी विचारलं होतंस जिन्यावर. मला तुझा राग येत नाही, ते सोपं झालं असतं. तू पेन्सिलने रेघ मारलीस ते ऐकल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही. तू विसरला असतास तर मी तुला आठवण करून दिली असती. तुला सगळं आठवत होतं. मी तुला पाच वर्षं सांभाळलं ते नीट सांभाळलं की नाही, असा विचार येतो. त्याला अर्थ नाही हे मला कळतं, तरी येतो.

निधी चालायला लागली. रुचिराची घटक चाचणी बुडाली, पण तिच्या वर्गाच्या बाई समजूतदार आहेत, परत परीक्षा घेतील.

जानकीमावशी

*

अंधेरी, २९ डिसेंबर

मावशी,

तुला काल यायचं होतं आणि तापामुळे येता आलं नाही असं रश्मीताई म्हणाल्या. या वेळचा ताप खरा होता हेही त्यांनीच सांगितलं. तब्येत सांभाळ. मुलांना चार दिवस कोण बघतंय ते कळव, माझी बायको निधीला ठेवून घ्यायला तयार आहे.

नागपूरचं आधी सांगतो. ठेकेदाराच्या बायकाही मोजाव्यात असं अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारचं नाही, माझ्या स्वतःच्या नावाचं, मी दिलं होतं. ते चर्चेला आलंच नाही, यादीत खाली राहिलं. शेवटच्या दिवशी मला दुसऱ्या एका विषयावर तीन मिनिटं मिळाली. त्यात मी पाळणाघराचं बोललो. मार्चमध्ये मी कुठल्या बाजूला होतो आणि कशासाठी होतो, तेही सांगितलं. मागून कोणीतरी विषयाला धरून बोला म्हणालं, मग घंटा वाजली. आता ते कार्यवृत्तात छापून येईल. गटनेते माझ्याशी बोलत नाहीत. समितीचं अध्यक्षपद विद्याधरकडे गेलं. पाळणाघर बंदच आहे, आणि माझ्या भाषणाने ते उघडलेलं नाही. हे तुला स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर मी काहीतरी केलं असं वाटेल.

काल सकाळी नऊ बायका आल्या. चार मुलं बरोबर होती. हर्षदने सवयीने चहा आणि बुके मागवले होते, बुके मी परत पाठवले. रश्मीताई टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी वही उघडली. रुचिरा शेजारी होती. तिने लांब बाह्यांचा फ्रॉक घातला होता, पण आई लिहिताना वही धरून ठेवायला तिने डावी बाही वर केली आणि डाग दिसला. मी दुसरीकडे बघणार होतो, पण पाहिलं.

यादीत चौदा विधेयकं होती. पहिली आठ मी सांगितली. कुठे बाजूने, कुठे गैरहजर, एकाला गप्प. दोन ठिकाणी त्यांनी मला अडवून पुन्हा सोप्या भाषेत सांगायला लावलं. एका जागी मी ‘जनहिताच्या दृष्टीने’ असं म्हणालो तर मागे बसलेल्या बाई हसल्या.

नववं विधेयक भाडेकरूंच्या संबंधी होतं. नाव वाचलं आणि पुढे काही आठवेना. दोन पानांचं असावं. रश्मीताईंनी विचारलं, यात काय होतं? नऊजणींपैकी सातजणी भाड्याने राहतात. माझ्या डोक्यात चार-पाच वाक्यं तयार झाली, आणि ती सगळी चांगली होती. बोललो असतो तर खपली असती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी वाचलं नव्हतं. ओरडलो होतो, बाजूने.”

मुलांपैकी एक रडायला लागलं.  दारात उभा असलेला हर्षद आत वळून बघायला लागला. रश्मीताईंनी मान वर केली नाही. त्यांनी सावकाश ते लिहिलं, जसं मी सांगितलं तसंच, आणि खाली रेघ मारली.

मग त्या म्हणाल्या, “पुढचं.”

अजून पाच होती.

सुयोग